वेलीने टाकलेला रुमाल

भिंगरी घरात आल्यापासून तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवण स्टुलावर, तेही अर्धी टेकून. अभ्यास जिन्यात. गोष्टीचं पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर, आणि तिथेही कुणाची चाहूल लागली की उठून दुसरीकडे. खरं नाव तिला होतं, चांगलं होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत उरलं होतं. पायांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं.

मामाला मात्र तिच्या पायांपेक्षा तिच्या एका प्रश्नाने जास्त हैराण केलं होतं. कुठेही बसायच्या आधी ती विचारायची, “इथे कोणी बसतं का?” बसमध्ये चढलेल्या परक्या माणसासारखं.

पहिल्या दिवशी तिने जेवणाच्या टेबलापाशी असंच विचारलं होतं. खुर्च्या चार. एक मामाची, एक मामीची, एकीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. चौथीच्या पाठीवर एक निळा स्वेटर टाकलेला होता. “ती दादाची,” मामी म्हणाली. वाईट हेतूने म्हणाली नव्हती, विचारलं त्याचं उत्तर दिलं होतं. भिंगरीने मान हलवली आणि स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून आणलं. ते स्टूल त्या दिवसापासून तिचं झालं.

दादा म्हणजे मामा-मामीचा मुलगा. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तिथेच रमला, तिथेच घर केलं. वर्षाकाठी एखादी फेरी, तीही सकाळी येऊन संध्याकाळी परत. पण त्याची खोली मामीने जशीच्या तशी ठेवली होती. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवलेला, बॅट कोपऱ्यात, खुंटीवर पावसाळी कोट, कपाटात शाळेपासूनचे कपडे. मामी रोज तिथली धूळ झटकायची आणि दार ओढून घ्यायची. भिंगरीची घडीची खाट बाहेरच्या खोलीत होती. खाटेखाली तिची बॅग. लागेल तो एक फ्रॉक ती त्यातून काढायची आणि चेन पुन्हा शेवटपर्यंत लावायची.

भिंगरीची आई ही मामाची धाकटी बहीण. रुग्णालयात नर्स. कराराच्या कामावर समुद्रापलीकडे गेली होती आणि करार लांबलचक होता. वडील तर भिंगरीला आठवतही नव्हते. दर रविवारी फोन यायचा. एका रविवारी बहीण अडखळत म्हणाली, की एका वसतिगृहात जागा मिळतेय, महिनाअखेरीपर्यंत कळवायचं आहे. भिंगरीला तुमच्याकडे करमत नसेल तर उगाच तिच्या जिवाला त्रास नको आणि तुमच्याही. मामा म्हणाला, “करमेल गं, थोडा वेळ दे.” पण फोन ठेवला तेव्हा त्याची नजर खाटेखालच्या बॅगेवर गेली. वसतिगृह वाईटच असतं असं नाही. मामा स्वतः अशाच एका वसतिगृहात वाढला होता, म्हणून तर त्याला ठाऊक होतं, की तिथे बॅगेची चेन लावलेली असते ती लावलेलीच राहते.

त्याच दिवशी त्याने मामीजवळ विषय काढला. खोली तशी रिकामीच असते, पोरीला दिली तर? मामी भांडी विसळत होती. हात थांबले नाहीत. “आणि तो आला तर झोपेल कुठे?” एवढंच म्हणाली. यावर मामाने काही उत्तर दिलं असतं, तर ते मामीला लागलं असतं. तो अंगणात जाऊन उगाच पायऱ्या झाडत बसला.

मामाची नोकरी मोठी मजेची होती. शहरातल्या मोठ्या बागेत फुलपाखरांचं एक काचघर होतं. समोर लोकांसाठी दालन, तिकीट काढून आत जायचं. मागच्या अंगाला अंडी, अळ्या आणि कोष सांभाळायची एक छोटी दमट खोली. तिला सगळे पाळणाघर म्हणायचे. मामा त्या पाळणाघराचा मुख्य, आणि तिथला एकमेव कर्मचारीही. आत शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची, शर्ट पाठीला चिकटायचा. शाळा सुटली की भिंगरी तिथे यायची आणि पाईप, बादल्या, कुंड्या यांच्यामधून भिरभिरत राहायची. तिकीटखिडकीवरच्या ताई म्हणायच्या, “तुमच्या काचघरात एक जास्तीचं आलंय हो, पण याला पंख दिसत नाहीत.”

त्या दिवसांत मामाच्या जिवाला निखाऱ्यांचा घोर लागला होता. निखारा हे पाळणाघरातलं घरगुती नाव. मखमली काळे पंख, पुढच्या पंखांवर लालभडक पट्टा, मागच्यांवर पिवळी रेघ. मूळचं लांबच्या उष्ण जंगलातलं फुलपाखरू. कोष खोक्यात कापसात बसून आले होते, आणि पाठवणाऱ्याने कळवलं होतं, की आता यापुढे जमणार नाही, आहेत तेवढ्यांतूनच पुढची पिढी वाढवा. नर भरपूर होते. माद्या मोजक्याच, आणि त्या अंडी घालत नव्हत्या.

मामाला शिकवण्याची हौस दांडगी. समोर ऐकणारं पोर असलं, मग ते उड्या मारत का ऐकेना, त्याचं चालायचं. त्याने भिंगरीला सांगितलं होतं, की बाकीची फुलपाखरं नुसता मध पितात आणि थोड्या दिवसांत संपतात. निखारा मात्र फुलातले परागही खातो, म्हणून तो महिने महिने जगतो. आणि दिवसभर कुठेही उडाला तरी संध्याकाळी त्याच वाळक्या काटकीवर परत येतो. सगळे ओळीने लटकून झोपतात.

“रोज तीच काटकी?”

“रोज तीच. जागासुद्धा जवळजवळ ठरलेल्या.”

भिंगरी काटकीकडे बघत राहिली, मग गेली पुढे.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती. निखाऱ्याची आई एका शेंड्यावर एकच अंडं घालते. कारण आधी जन्मलेली अळी शेजारचं अंडं खाऊन टाकते. म्हणून आई वेलीवर उतरली की पुढच्या पायांनी पान थापटून चव घेते, मग डोळ्यांनी बारकाईने बघते, इथे आधीच कुणाचं अंडं आहे का. असलं तर तिथे थांबत नाही.

“स्वतःच्या भावाला खाते?” भिंगरीने विचारलं.

“भूक लागली की तिला भाऊ-बहीण कळत नाही.”

“मग आई शहाणी आहे.”

“आई फार शहाणी आहे,” मामा म्हणाला. “तोच तर त्रास आहे.”

निखाऱ्याच्या अळ्या फक्त कृष्णकमळाच्या जातीच्या वेली खातात. पाळणाघरातली जुनी वेल मुळाशी कुजून गेली, म्हणून मामाने रोपवाटिकेतून त्याच घराण्यातल्या दोन नव्या वेली आणल्या होत्या. जात वेगळी होती, पण पानं कोवळी आणि तजेलदार, वेलींनी तारेवर झपाट्याने स्प्रिंगसारखे तणावे फेकले. मग एका सकाळी मामाला कोवळ्या पानांच्या देठांशी पिवळे ठिपके दिसले. मोहरीहून लहान, चमकदार, छान पिवळे. एका शेंड्यावर एक, दुसऱ्यावर एक, असे भरपूर.

मामा हरखून गेला. रात्रीच्या जेवणात त्याने घरी जाहीर केलं, की अंडी पडली. मामीने त्याच्या ताटात आणखी वाढलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुठ्ठ्यावर ‘अंड्यांना हात लावू नये’ असं ठसठशीत अक्षरांत लिहून वेलींपुढे टांगलं, जणू तिथे हजारो लोक येत होते. खरं तर येणारी एकटी भिंगरीच. तिकीटवाल्या ताईंनी खिडकीतूनच विचारलं, “काय, आजोबा झालात म्हणे?” मामा लाजला.

निखाऱ्याचं अंडं फुटायच्या आधी काळवंडतं आणि चार-पाच दिवसांत अळी बाहेर पडते. मामा भिंग घेऊन सकाळ-संध्याकाळ वाट बघू लागला. डोळ्यांत तेल घालून बघितलं. ठिपके पिवळेच. तो आठवडा गेला, दुसरा सुरू झाला, ठिपके तस्सेच पिवळे, उलट जरा फुगल्यासारखे. थंडी झाली असेल म्हणून मामाने हीटर वाढवला. हवा कोरडी झाली असेल म्हणून फवारा वाढवला. मग दोन्ही कमी केलं. ताईंनी एकदा विचारलं, “नातवंडं कुठवर आली?” आणि त्याचा चेहरा बघून पुन्हा विचारलं नाही.

घरीही काही धड चाललं नव्हतं. भिंगरी रात्री कूस बदलायची, खाट करकरायची. मामी सकाळी तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघायची आणि दुधाचा पेला जरा जास्त भरायची. एकदा तिने भिंगरीसाठी नवा फ्रॉक आणला. भिंगरीने घालून बघितला, छान आहे म्हणाली, घडी केली आणि बॅगेत ठेवून चेन लावली. मामी त्या चेनेच्या आवाजाने आत निघून गेली. महिनाअखेर जवळ येत होती आणि मामाला कामावर घराची चिंता, घरी कामाची. पाण्याचा पाईप हातात धरून तो कितीदा तरी नुसता उभा राहिलेला असायचा.

अशाच एका दुपारी एक मादी वेलीपाशी आली. भिंगरी बादली उपडी घालून तिच्यावर टेकली होती, अर्थात “ही बादली कुणाला हवीय का?” असं विचारून. मादी पानावर उतरली, पायांनी थापटलं, शेंड्यापर्यंत गेली, घुटमळली आणि उडाली. दुसऱ्या शेंड्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. मग तारेवर, काचेवर, पुन्हा वेलीवर, पुन्हा हवेत. तिचं ते भिरभिरणं बघून मामाने हातातला पाईप झटकला. तो वैतागून म्हणाला, “अगं, बस ना कुठेतरी एकदाची.”

भिंगरी बादलीवरून ताडकन उठली.

“तुला नाही गं, तिला म्हटलं,” मामा घाईने म्हणाला.

भिंगरी परत बसली नाही. मादीकडे बघत ती हळूच म्हणाली, “ती तरी कुठे बसेल? सगळीकडे रुमाल टाकलेत.”

“कसले रुमाल?”

भिंगरीने समजावून सांगितलं, मोठ्या माणसाला सांगावं तसं. बसमध्ये लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. मग सीट रिकामी असली तरी तिथे बसता येत नाही. एकदा आईबरोबर जाताना ती अख्ख्या प्रवासभर उभी होती. शेजारच्या सीटवर रुमाल होता. उतरायची वेळ झाली तरी रुमालवाला काही आलाच नाही. “आई म्हणाली, कुणीतरी तो विसरून गेला असेल. पण आम्हाला कसं कळणार?” मग तिने वेलीकडे बोट दाखवलं. “हे पिवळे तसेच. कुणीतरी टाकलेत आणि येतच नाहीये.”

मामाने हातातला पाईप खाली ठेवला. पाणी त्याच्या बुटांवरून वाहत राहिलं.

अंड्याला हात लावायचा नाही हा मामाचा पहिला नियम. इतकी वर्षं त्याने तो पाळला होता, इतरांना पाळायला लावला होता, पुठ्ठ्यावर लिहून टांगला होता. त्याच नियमाने त्याला उल्लू बनवलं होतं. आता त्याने पुठ्ठा बाजूला सारला आणि एका ठिपक्याला नखाने अलगद ढकललं. अंडं असतं तर सुटून आलं असतं. ठिपका हलला नाही. जरा जोर लावला तसा तो चिरडला आणि नखाला हिरवा रस लागला.

अंडं नव्हतंच ते. वेलीचाच दाणा होता. अळ्यांनी आपल्याला खाऊ नये म्हणून या जातीची वेल अंगावर अंड्यांसारखे दाणे काढते आणि फुलपाखराला फसवते. इथे जागा नाही बाई, पुढे जा. मादी फसली, आणि तिच्याबरोबर भिंग लावून बसलेला मामाही फसला. दोन आठवडे तो वेलीच्या गाठी उबवत बसला होता.

मामाला आधी शरम वाटली, मग हसू आलं. हसता हसता तो बादलीवरच बसला. “भिंगरे,” तो म्हणाला, “हे कुणाला सांगू नकोस. त्या तिकीटवाल्या ताईंना तर मुळीच नको.”

“मी नाही सांगणार. पण आता काय करायचं?”

“तूच सांग.”

भिंगरीने विचार केला. विचार करताना ती पाळणाघराला एक चक्कर मारून आली. मग म्हणाली, एका वेलीवरचे रुमाल उचलू आणि दुसरीवरचे राहू देऊ. म्हणजे कळेल. मामाने चिमटा आणला. कोवळ्या पानांना धक्का न लावता एकेक दाणा खुडायचं काम किचकट होतं. भिंगरी त्या कामात इतकी गढली, की आपण वाकून वाकून जमिनीवर मांडी घालून बसलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं नाही. मामाच्या आलं. त्याने श्वाससुद्धा जपून घेतला.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. भिंगरी सकाळपासून मामाबरोबर पाळणाघरात, आणि दोघांचाही डबा घरी राहिला. मामी डबा घेऊन आली. एरवी ती काचघरात कधी यायची नाही. उकडतं, अंगावर किडे बसतात, असं तिचं म्हणणं. दारातून डबा देऊन परत जायच्या बेतात होती, तोच भिंगरीने ओठांवर बोट ठेवून तिला हाताला धरून आत ओढलं आणि आपल्या बादलीवर बसवलं.

मादी हवेत होती. ती आधी ठिपकेवाल्या वेलीवर उतरली. थापटलं, घुटमळली, उडाली. पुन्हा आली, पुन्हा उडाली. मामीच्या पदराजवळून गेली, तशी मामी जरा दचकली पण हलली नाही. मग मादी खुडलेल्या वेलीकडे वळली. शेंड्यावर बसली. पायांनी थापटलं. सगळीकडून फिरून बघितलं. मादीने शेपटाकडचा भाग वाकवला, तणाव्याच्या टोकाला टेकवला आणि उडाली.

मामाने भिंग लावलं. तिथे एक अंडं होतं. पिवळंच, पण उभं, अंगावर बारीक रेघा असलेलं. आता शेजारी शेजारी बघितल्यावर फरक इतका उघड होता, की आपल्याला आधी कळलं कसं नाही याचंच त्याला नवल वाटलं.

मामीने मात्र अंडं बघितलं नाही. ती दुसऱ्या वेलीकडे बघत होती. “तिच्यावर का नाही बसली ती?” तिने विचारलं. “ती जास्त हिरवी आहे की.”

भिंगरीने तिला रुमालाची सगळी गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाली, “खरं तर तिथे कोणी नाहीये, मामी. पण तिला ते दिसत नाही ना.”

मामी बादलीवरून उठली, पदराने मान पुसली, इथे फार उकडतं म्हणाली आणि निघाली. डबा परत तिच्याच हातात गेला. दोघे उपाशी राहिले.

पुढचे दोन-तीन दिवस घरात नेहमीसारखेच गेले. मामाने विषय काढला नाही. काढायची छाती नव्हती असंही म्हणता येईल. मामीने दादाच्या खोलीची धूळ झटकली, दार ओढलं. एका संध्याकाळी मात्र ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि ओठांवर हसू होतं. दादाशी बोलले म्हणाली. त्याला निळ्या स्वेटरचं सांगितलं, तर तो हसत सुटला. म्हणाला, आई, आता तो माझ्या एका हातावरसुद्धा चढणार नाही. कॅरमबोर्ड अजून आहे हे तर त्याला खरंच वाटेना.

“आणि आला तर झोपेल कुठे?” मामाने विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

“घडीची खाट आहे ना,” मामी म्हणाली. “एका दिवसाने त्याच्या अंगाला काही भोकं पडत नाहीत.”

रविवारी सकाळी तिने खुर्चीवरचा स्वेटर उचलला. छातीशी धरून क्षणभर उभी राहिली. मग दादाच्या खोलीचं दार सताड उघडून तिने हाक मारली. भिंगरी उंबऱ्याशी आली आणि थबकली. नजर कोटावरून बॅटवर, बॅटवरून कपाटावर गेली. मामाला वाटलं, आता ती तोच प्रश्न विचारणार. पण तिने खुंटीकडे बोट दाखवलं.

“हे मी काढू का?”

“काढ,” मामी म्हणाली. “सगळंच काढ. मी पुसून घेते.”

मग जे वादळ सुटलं ते दुपारपर्यंत शमलं नाही. भिंगरी एकेक वस्तू काढून बाहेर आणायची, ठेवायची, धावत आत जायची. मध्येच बॅगेची चेन एका दमात उघडल्याचा आवाज आला. मामी आतून सूचना देत होती आणि मध्ये मध्ये नाक ओढत होती. मामाला काय करावं सुचेना. तो दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालू लागला. सकाळीच तो पाळणाघरात डोकावून आला तेव्हा वेलीवरचं पहिलं अंडं काळवंडलं होतं, तिकडेही जीव ओढत होता.

फोन वाजला. बहीण होती. तिने भीत भीतच विचारलं, की वसतिगृहाचं काय कळवू, आणि भिंगरी कुठे आहे, दे जरा तिला.

“ती कामात आहे,” मामा म्हणाला. “संध्याकाळी कर. आणि त्यांना नाही म्हणून सांग.”

पलीकडे कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. मामाने फोन ठेवला आणि पुन्हा चालायला लागला.

“बसा ना हो एका जागी,” मामी आतून म्हणाली. “बघून मलाच चक्कर येतेय.”

मामाने भोवती बघितलं. कॅरमबोर्ड त्याच्या खुर्चीवर, पुस्तकं मामीच्या, इस्त्रीचे कपडे त्यांच्या जागी. घडीच्या खाटेवर कपाटातला सगळा पसारा. चौथी खुर्ची तेवढी मोकळी होती. तिच्या पाठीवर स्वेटर नव्हता. मामा तिच्याजवळ गेला आणि त्याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, “इथे कोणी बसतं का?”

“मी बसते,” आतून भिंगरी ओरडली. “तुम्ही स्टूल घ्या.”